मदत हवी आहे: घरातल्या प्रत्येकाकडे वेगळे कागदपत्र असताना सोनौलीमार्गे नेपाळला कसे जावे?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण स्वतःच्या गाडीने सोनौलीची सीमा ओलांडून लुंबिनी, पोखरा आणि काठमांडू असा प्रवास करणार आहोत. परतताना आई, ताई आणि भाची काठमांडूहून विमानाने दिल्लीला येतील, तर मी, पत्नी आणि मुलगा गाडीनेच परतू. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, हे मला ठाऊक आहे. अडचण अशी की आमच्यापैकी प्रत्येकाकडे निराळेच कागदपत्र आहे आणि ओळखीतल्या लोकांकडून मिळणारी उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. एक जण सांगतो की सीमेवर कोणी काही विचारतच नाही. दुसरा सांगतो की आधार कार्ड पाहून त्याला परत पाठवले.

माझ्याकडे वैध पासपोर्ट आहे. पत्नीकडे फक्त मतदार ओळखपत्र आहे आणि त्यावर तिचे माहेरचे नाव आहे. आई ७१ वर्षांची असून तिच्याकडे आधार कार्डाखेरीज छायाचित्र असलेले काहीच नाही. त्यावरही पूर्ण जन्मतारीख नसून केवळ जन्मवर्ष छापलेले आहे. मुलगा १६ वर्षांचा आहे. त्याचा पासपोर्ट लहानपणी काढलेला असल्यामुळे त्याची मुदत संपली आहे. शाळेचे ओळखपत्र आणि आधार कार्ड तेवढे आहे. ताई आणि तिची १२ वर्षांची मुलगी अमेरिकन नागरिक आहेत. दोघींकडे ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड आहे, मात्र भाचीचा पासपोर्ट अलीकडेच नवा झाला असून तिच्या कार्डावर जुनाच क्रमांक आहे.

माझी विचारणा अशी आहे: कुटुंबातील एकाकडे पासपोर्ट असल्यास इतरांना सवलत मिळते, असे ऐकले आहे, ती आमच्यापैकी कोणाकोणाला लागू होईल? आईला विमानतळावर अडवतील का? आणि ओसीआय असल्यामुळे ताईला आमच्याबरोबर तसेच जाता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

भारतीय नागरिकांपुरते उत्तर देतो. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे व्हिसा लागत नाही हे खरे. पण व्हिसा लागत नाही म्हणजे ओळखपत्रही लागत नाही, असा अर्थ लोक काढतात आणि गोंधळ तिथून सुरू होतो. प्रौढ भारतीय नागरिकासाठी नेहमीची मान्य कागदपत्रे दोनच, वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाने दिलेले छायाचित्रासह मतदार ओळखपत्र. १५ ते ६५ या वयोगटासाठी आधार कार्ड मान्य नाही. आधार दाखवून परत आलेले तुमचे परिचित बहुधा याच वयोगटातले असावेत.

पंधरा वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींना या दोन कागदपत्रांची सक्ती नाही. त्यांच्याकडे ओळख आणि वय सिद्ध करणारे, छायाचित्र असलेले एखादे कागदपत्र असले म्हणजे पुरते, आणि त्यात आधार, पॅन, वाहन परवाना, शिधापत्रिका यांचा समावेश होतो. त्यामुळे तुमच्या आईंना आधार कार्डावर जाता येईल. केवळ जन्मवर्ष असले तरी ७१ व्या वर्षी त्यावरून वयाची शंका उरत नाही. ६५ च्या उंबरठ्यावरच्या माणसाला मात्र त्याचा त्रास होऊ शकला असता. विमानाचे तिकीट काढताना नावाचे स्पेलिंग आधारवर आहे तसेच ठेवा, आणि मूळ कार्ड बरोबर द्या.

पत्नीच्या माहेरच्या नावाची चिंता नको. मतदार ओळखपत्र हे स्वतःपुरते पूर्ण कागदपत्र आहे आणि त्या गाडीने जाणार असल्यामुळे तिकिटावरचे नाव जुळवण्याचा प्रश्न येत नाही. नाते दाखवण्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जवळ ठेवलेली बरी.

खरा विचार मुलाचा करावा लागेल. १५ ते १८ या वयातील मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेले ओळख प्रमाणपत्र चालते. शाळेचे नेहमीचे ओळखपत्र म्हणजे ते प्रमाणपत्र नव्हे. तुम्ही ऐकलेली कौटुंबिक सवलतही खरी आहे: पती, पत्नी, अल्पवयीन मुले आणि आईवडील एकत्र प्रवास करत असतील आणि त्यांतील एका प्रौढाकडे मान्य कागदपत्र असेल, तर इतरांनी छायाचित्र असलेला ओळखीचा पुरावा आणि नात्याचा पुरावा दाखवला की पुरते. मुलगा जाता-येता तुमच्याबरोबरच असल्यामुळे ही सवलत त्याला मिळू शकते. तरीही सुट्टी लागण्यापूर्वी मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र घ्याच, कारण सवलतीचा अर्थ समोरच्या अधिकाऱ्याला समजावून सांगण्यापेक्षा कागद पुढे करणे सोपे असते.

आईंच्या बाबतीत एक बारकावा आहे. परतीच्या विमानात त्यांच्याबरोबर ताई असतील, आणि त्या भारतीय नागरिक नसल्यामुळे तिथे कौटुंबिक सवलतीचा आधार घेता येणार नाही. सुदैवाने आईंना तिची गरजही नाही. वयाची सूट त्यांची स्वतःची आहे.

प्रतिसाद

ताई आणि भाचीबद्दल लिहिते, कारण माझ्या घरी हाच प्रकार आहे. ओसीआय कार्ड म्हणजे भारतात येण्याचा आजीवन व्हिसा. नेपाळच्या दृष्टीने त्या दोघी सरळसरळ अमेरिकन नागरिक आहेत. त्यांना नेपाळचा पर्यटक व्हिसा लागेल आणि तो सोनौलीपलीकडच्या बेलहिया येथील कार्यालयात मिळतो. शुल्क १५ दिवसांसाठी ३०, ३० दिवसांसाठी ५० आणि ९० दिवसांसाठी १२५ अमेरिकन डॉलर असे आहे. रोख डॉलर जवळ ठेवावेत. पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. ऑनलाइन अर्ज आधी भरता येतो, मात्र तो प्रवेशापूर्वीच्या १५ दिवसांतच भरावा, नाहीतर बाद होतो.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का. सोनौलीला दोन्हीकडचे लोक कमानीतून सहज ये-जा करत असतात आणि तुमची गाडीही त्याच ओघात पुढे सरकेल. भारतीय इमिग्रेशनचे कार्यालय बाजाराच्या गर्दीत लक्षात न येता मागे पडते. ताईंना आणि भाचीला तिथे उतरून शिक्का घ्यावाच लागेल. तो नसेल तर बेलहियाहून मागे पाठवतात.

भाचीच्या ओसीआयवर जुना पासपोर्ट क्रमांक असला तरी जुना पासपोर्ट बरोबर बाळगण्याची अट २०२१ मध्ये काढून टाकण्यात आली. वीस वर्षांखालील व्यक्तीने प्रत्येक नव्या पासपोर्टनंतर तीन महिन्यांच्या आत त्याची प्रत आणि नवे छायाचित्र ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचे असते. ते राहिले असेल तर निघण्यापूर्वी करून घ्या. दोघींनी ओसीआय कार्ड मात्र विसरता कामा नये, कारण दिल्लीला उतरताना तेच त्यांचे प्रवेशपत्र आहे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन शंका राहिल्या. मुलालाही आजीबरोबर विमानाने पाठवायचे ठरले तर काय बदलेल? आणि नेपाळमध्ये कोणाचे ओळखपत्र हरवले तर परत येण्याचा मार्ग कोणता?

प्रतिसाद

मुलगा तुमच्यापासून वेगळा झाला की कौटुंबिक सवलत संपली; मग मुख्याध्यापकांच्या प्रमाणपत्रावाचून त्याने विमानतळावर जाऊ नये. माझे मत विचाराल तर त्याचा पासपोर्टच नव्याने करून घ्या. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना दहा वर्षांच्या मुदतीचा पासपोर्ट मागता येतो, म्हणजे अठराव्या वर्षी पुन्हा धावपळ नको. एकूणच तयारी करताना जमिनीवरच्या सीमेचा अनुभव प्रमाण मानू नका. तिथे सशस्त्र सीमा बलाचे जवान कधी सर्वांची ओळखपत्रे पाहतात, कधी एकाचेही पाहत नाहीत. विमान कंपनीच्या खिडकीवर असे होत नाही.

ओळखपत्र हरवल्यास पोलिसांत तक्रार नोंदवून काठमांडूतील भारतीय दूतावासात जावे. दूतावास केवळ भारतात परतण्यापुरते, एकाच प्रवासासाठी आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. दूतावासाचे नोंदणी प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट आहे आणि ते प्रवासासाठी चालत नाही, त्यामुळे मागताना नाव नीट सांगा.

गाडीबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी लिहितो. बेलहियाला भन्सार (नेपाळी सीमाशुल्क) कार्यालयात जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचे शुल्क भरून गाडीचा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ नोंदणी पुस्तिका आणि चालकाचा मूळ परवाना न्या. डिजिलॉकरमधील प्रत भारतीय अधिकाऱ्यांपुढे चालते, नेपाळी भन्सारावर तिचा भरवसा धरू नये. गाडी दुसऱ्या कोणाच्या नावावर असल्यास मालकाचे संमतिपत्र जोडा, आणि दिवस मोजताना एखादा दिवस जास्तीचाच धरा.