मदत हवी आहे: कासला फुलं आहेत, फुलपाखरू कुठे?

रानवाट: दोन रविवार वाया गेले. सोनकी, तेरडा, सीतेची आसवं, सगळं फुललंय. पण आईला जे बघायचंय ते एकदाही दिसलं नाही. शनिवारी शेवटची संधी, मग ती ताईकडे दिल्लीला जाते. नेमकं कुठे उभं राहायचं ते सांगा. लवकर!

कोकणकडा: 'जे' म्हणजे कोणतं? आणि पोचता किती वाजता?

रानवाट: नीलवंत, अजून कोणतं! सातला पठारावर असतो.

सह्यमित्र: सातला धुकं असतं हो. पंख उन्हात तापल्याशिवाय फुलपाखरू उडत नाही. ऊन पडू द्या, दहानंतर बघा. खुळखुळ्याचं झुडूप दिसलं की तिथेच बसायचं. ब्लू टायगर, कॉमन क्रो ही फुलपाखरं त्याचा रस घ्यायला येतात, त्यातूनच नर माद्यांना ओढणारा गंध तयार करतात. एका झुडपावर चाळीसेक मोजलीत मी.

रानवाट: ब्लू टायगर नकोत. नीलवंत.

लिंबोणी: प्रश्न वेळेचा नाही, जागेचा आहे. नीलवंताची मादी अंडी घालते लिंबाच्या कुळातल्या झाडांवर. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती वीतभर नाही, वर वारा. तलावाकडच्या झाडीत जा, ओढ्याकाठी ओली माती शोधा. नर क्षार शोषायला तिथे उतरतात.

सह्यमित्र: पठारावरून उडताना मी स्वतः पाहिलंय.

लिंबोणी: उडत गेलेलं काय कामाचं? आईंना नीट दिसायला हवं ना.

घाटमाथा: शनिवारी गर्दी असते, ऑनलाइन बुकिंग करून जा.

रानवाट: बुकिंग झालंय. ओढा रस्त्यापासून किती लांब? आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

कोकणकडा: हे आधी सांगायचं ना! मग उतरूच नका. रस्त्याकडेला घाणेरी फुललेली असेल तिथे गाडी थांबवा. हमखास येतं.

सह्यमित्र: घाणेरीचं कौतुक नको. बाहेरून आलेली, रान गिळत चाललीय.

कोकणकडा: मी लावा म्हटलं का?

घाटमाथा: नीलवंत २०१५ पासून राज्य फुलपाखरू आहे. टोपली कारवीचा बहर कधी आहे, कुणाला माहीत आहे का?

लिंबोणी: माझ्या कुंडीतल्या लिंबावर दरवर्षी अळ्या होतात. आत्ता दोन कोश आहेत.

रानवाट: तुमचं गाव कोणतं?

लिंबोणी: वाई. कोश अजून हिरवे आहेत. आतून पंखांचा काळा रंग दिसायला लागला की साधारण दुसऱ्या सकाळी बाहेर येतं. दिसला की लगेच व्यक्तिगत निरोप करते. आईंना अंगणापर्यंतच चालावं लागेल.