मदत हवी आहे: आईच्या हाताचा एक्स-रे नॉर्मल, पण सूज आहेच. सोनोग्राफी करावी की एमआरआय?

नमस्कार. आम्ही फोंड्याचे. आई ५८ वर्षांची आहे, तीन वर्षांपूर्वी तिला रूमेटॉइड आर्थ्रायटिस (सांधे सुजवणारा संधिवात) निघाला. रक्ताच्या तपासण्या, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, दोन्ही पॉझिटिव्ह. तेव्हापासून आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे त्यावरचं औषध आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे. एकही गोळी तिने चुकवलेली नाही.

मधली दोन वर्षं बरी गेली. या पावसात मात्र उजवं मनगट आणि बोटांची मुळं पुन्हा धरली आहेत. सकाळी तास-दीड तास मूठ वळत नाही. कपाचा कान धरवत नाही म्हणून चहा दोन्ही तळव्यांत धरून पिते. परवा आदोळीवर (विळीवर) नारळ खवायला बसली, अर्धी कवड झाली आणि काही न बोलता उठून गेली. उरलेलं खोबरं मी काढलं. आजवर त्या आदोळीवर तिने मला बसू दिलं नव्हतं.

एका सेंटरवर एक्स-रे काढला. रिपोर्टात एकच ओळ: हाडांत दोष नाही. तिथे सांगितलं, वयाचं दुखणं आहे, काळजी करू नका. मला ते अजून खुपतंय, कारण तिचं मनगट हाताला गरम लागतं. रक्तातलं सीआरपी (सूज दाखवणारी तपासणी) थोडंसंच वाढलंय. आता सांधेरोगाच्या डॉक्टरांनी पॉवर डॉप्लरसह सोनोग्राफी सांगितली आहे. शेजारचे म्हणतात, सरळ एमआरआय करा, त्यात सगळं दिसतं. आधी काय करावं? आणि जाताना काय सांभाळायचं असतं? ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, माझ्या पत्नीला हाच आजार नऊ वर्षं आहे, म्हणून लिहितो. एक्स-रेमध्ये हाडाची झालेली झीज दिसते, आज चालू असलेली सूज नाही. सांध्याच्या आतलं अस्तर सुजून जाड होतं ते सोनोग्राफीत दिसतं. त्या अस्तरात रक्त खेळतंय का, म्हणजे दाह जागा आहे का, हे डॉप्लर दाखवतं. पडद्यावर तांबडे-केशरी ठिपके उमटतात. आमच्या डॉक्टरांनी त्यांना ० ते ३ अशी श्रेणी दिली होती, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करता येते. रिपोर्टात ती श्रेणी सांध्यागणिक लिहून मागा.

गार हातावर डॉप्लर कमी उमटतं. एसीच्या खोलीत बसावं लागलं तर आईंचे हात शालीत ठेवा. प्रोब जोराने दाबला तर बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि ठिपके नाहीसे होतात, म्हणून सांध्यांची सोनोग्राफी नेहमी करणाराच माणूस शोधा. पोटाची करणारा सगळाच हात सांभाळून चालवेल असं नाही. वेदनाशामक गोळीनेही डॉप्लर फिकं पडू शकतं, तेव्हा त्या दिवशी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारा. मेथोट्रेक्सेट मात्र आपल्या मनाने अजिबात थांबवू नका.

एमआरआयची खरी जास्तीची गोष्ट म्हणजे हाडाच्या आतल्या मगजातली सूज. ती सोनोग्राफीत दिसतच नाही, आणि जिथे ती असते तिथे पुढे हाड कुरतडलं जाण्याचा धोका जास्त. सोनोग्राफीत काही ठरलं नाही तर तो करा. काँट्रास्ट इंजेक्शन देणार असतील तर आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघून घ्या.

आणि पायांचे एक्स-रे काढलेत का? करंगळीच्या मुळाशी झीज पुष्कळदा हातांच्याही आधी दिसते. आमच्याकडे तसंच झालं, आणि आम्ही वर्षभर फक्त हातच बघत बसलो होतो.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. पायांचे काढलेच नाहीत, कुणी सांगितलंही नव्हतं. आत्ता आईला विचारलं तर म्हणाली, चप्पल घालताना उजवी करंगळी महिनाभर दुखतेय, पण हाताच्या त्रासात ते काय सांगायचं. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) बांबोळीला शुक्रवारी जातोय. जुन्या एक्स-रेच्या फिल्म, रक्ताचे सगळे रिपोर्ट आणि आईची शाल पिशवीत भरून ठेवली आहे. श्रेणी काय येते ते इथेच लिहिते.