मदत हवी आहे: व्हर्च्युअलबॉक्समधल्या उबुंटू सर्व्हरला विंडोजमधून पोचताच येत नाहीये

पुस्तककपाट
नमस्कार मंडळी,
मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात लायब्ररी सांभाळते. नॅकची तयारी चाललीये, लायब्ररी ऑटोमेट करायची म्हणून कोहा (लायब्ररीचं सॉफ्टवेअर) टाकायचं ठरलंय, वेगळा सर्व्हर घ्यायला कॉलेज नाही म्हणत नाही पण "आधी चालवून दाखवा मॅडम, मग बघू" असं आहे, ते बरोबरच आहे म्हणा. म्हणून टेबलावरच्या विंडोज 10 च्या पीसीवरच (8 जीबी रॅम) व्हर्च्युअलबॉक्स (पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं आणि त्यात उबुंटू सर्व्हर 22.04 बसवला. व्हीएमला, म्हणजे त्या आतल्या पीसीला, 4 जीबी रॅम, 2 सीपीयू, 25 जीबी डिस्क. इन्स्टॉल व्यवस्थित झालं, लॉगिन होतंय, आतून पिंग जातंय, अ‍ॅप्ट अपडेट पण नीट चालतं म्हणजे इंटरनेट आहे.

अडलंय कुठे तर बाहेरून आत जाता येत नाही. आत 'आयपी ए' केलं की ईएनपी0एस3 समोर 10.0.2.15 दिसतं, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून तो पिंग केला की रिक्वेस्ट टाइम्ड आउट. ओळखीच्या एकाने नेटवर्क ब्रिज्ड करा (व्हीएम थेट कॉलेजच्या नेटवर्कवर) म्हणून सांगितलं, केलं, तर आयपीच मिळेना, नुसता एफई80 ने सुरू होणारा लांबलचक नंबर येतो. परत नॅटवर (व्हर्च्युअलबॉक्सच्या मूळच्या सेटिंगवर) आणून ठेवलंय.
शिवाय त्या काळ्या खिडकीत कॉपी-पेस्ट होत नाही, कोहाच्या लांबलचक कमांडी हाताने टाइप करून बोटं दुखली. काय करू?

फुकटसल्ला
ताई सर्व्हर एडिशन कशाला घेतली, डेस्कटॉपवालं उबुंटू टाका, माउस चालतो, आतच ब्राउझर उघडायचा आणि बघायचं, विषय संपला. नाहीतर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरा, व्हर्च्युअलबॉक्सची भानगडच नको.

काळी_स्क्रीन
वरच्या सल्ल्याला माझा विरोध :) 4 जीबीत डेस्कटॉप पण आणि कोहा पण म्हणजे सगळंच रडत चालणार. आणि उद्या खरा सर्व्हर येईल तेव्हा त्यावर काळी स्क्रीनच असणारे, सवय आत्ताच झालेली बरी. डब्ल्यूएसएल वाईट नाही पण कॉलेजला "असाच सर्व्हर बसणार" हे दाखवायचं असेल तर व्हीएमच बरोबर.

ताई, तुमचं काही बिघडलेलं नाहीये. नॅटमध्ये व्हर्च्युअलबॉक्स व्हीएमला स्वतःच्या एका बंद नेटवर्कमध्ये ठेवतं, तिथे व्हीएम 10.0.2.15 आणि गेटवे 10.0.2.2, हे जवळजवळ सगळ्यांकडे हेच असतं. ऑफिसातल्या एक्स्टेंशनच्या फोनसारखं आहे, आतून बाहेर कॉल लागतो पण बाहेरच्याला एक्स्टेंशन नंबर थेट फिरवता येत नाही. त्यामुळे विंडोजवरून 10.0.2.15 ला कितीही पिंग करा, उत्तर येणार नाही.

सोपा उपाय: व्हीएम बंद करा, सेटिंग्ज > नेटवर्क मध्ये अ‍ॅडॅप्टर 1 नॅटच राहू द्या (इंटरनेट त्यावरून येतंय), अ‍ॅडॅप्टर 2 चालू करून त्याला होस्ट-ओन्ली अ‍ॅडॅप्टर द्या. मग 192.168.56 ने सुरू होणारा आयपी मिळेल, बहुतेक 101 च्या पुढचा, त्यावर विंडोजमधून जा.

पुस्तककपाट
धन्यवाद दादा. अ‍ॅडॅप्टर 2 टाकला. आता आत ईएनपी0एस8 नावाचं नवीन दिसतंय, पण त्याच्यासमोर स्टेट डाउन लिहिलंय आणि आयपी नाही. व्हीएम दोनदा रीस्टार्ट केली, तेच. केबल कनेक्टेडवर टिक आहे.

जुनाअ‍ॅडमिन
डाउनच दिसणार. उबुंटू सर्व्हर इन्स्टॉल करताना जेवढी नेटवर्क कार्डं होती तेवढीच नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये) लिहून ठेवतो, नंतर घातलेल्या कार्डाला तो हातही लावत नाही. त्याला सांगावं लागतं. फोनवरून मराठी कीबोर्डने टाइप करतोय, कमांडी इंग्रजीत करून घ्या.

ईटीसी खालच्या नेटप्लॅन फोल्डरमध्ये 50-क्लाउड-इनिट किंवा 00-इन्स्टॉलर-कॉन्फिग नावाची यामल फाइल असेल. तिला हात लावू नका, पहिल्या नावाची असेल तर उघडल्यावर वरच सूचना दिसेल की इथले बदल रीबूटनंतर टिकतील याची खात्री नाही. त्याच फोल्डरमध्ये नवीन फाइल करा, नाव 60-होस्टओन्ली डॉट यामल, नेटप्लॅन सगळ्या फाइली एकत्र करून वाचतो. मजकूर पाचच ओळी, प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा दोन स्पेस आत, फक्त दुसरी आणि तिसरी एका रेषेत:

नेटवर्क:
  व्हर्जन: 2
  इथरनेट्स:
    ईएनपी0एस8:
      डीएचसीपी4: ट्रू

टॅब चालत नाही, स्पेसच. कोलननंतरही एक स्पेस हवी. नव्वद टक्के लोक इथेच अडकतात आणि शिव्या लिनक्सला घालतात. मग फाइलला सीएचमॉड 600 करा, नाहीतर काही व्हर्जन "परमिशन्स टू ओपन" म्हणून कुरकुरतात. मग 'सुडो नेटप्लॅन ट्राय'. हा अप्लायपेक्षा बरा, कारण 120 सेकंदांत तुम्ही एंटर मारला नाही तर जुनं सेटिंग आपोआप परत येतं. उद्या खऱ्या सर्व्हरवर लांबून काम करताना ही सवय कामी येते, नाहीतर नेटवर्क गेलं की गाडी काढून सर्व्हर रूममध्ये जावं लागतं.

पुस्तककपाट
आला!! 192.168.56.101. पिंग पण होतंय. पण पुटीमधून एसएसएच केलं (दुसऱ्या पीसीवरून सर्व्हरवर लॉगिन) तर कनेक्शन रिफ्यूज्ड. फायरवॉल असेल का? यूएफडब्ल्यू बंद करू?

काळी_स्क्रीन
यूएफडब्ल्यू उबुंटूमध्ये मुळात बंदच असतो, तुम्ही चालू केला नसेल तर तो नाही. आणि फायरवॉलने अडवलं की बहुतेक वेळा टाइमआउट येतो, रिफ्यूज्ड म्हणजे दारापर्यंत पोचलात पण आत कोणी ऐकायलाच नाही. इन्स्टॉलरमध्ये "ओपनएसएसएच सर्व्हर इन्स्टॉल करा" ही टिक आपण स्वतः करायची असते, आधीपासून केलेली नसते. 'सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर' मारा, आपोआप सुरू होईल.

एकदा पुटी चाललं की कॉपी-पेस्टचा त्रास पण गेला, तिथे राइट क्लिक म्हणजे पेस्ट. व्हर्च्युअलबॉक्समध्ये हेडलेस स्टार्ट आहे तेच वापरा मग, ती काळी खिडकी उघडायचीच गरज नाही.

पुस्तककपाट
झालं, चाललं! राइट क्लिक पेस्ट म्हणजे सुख आहे हो.
आता अजून दोन गोष्टी. एक, डिस्क 25 जीबी दिलीये पण 'डीएफ -एच' मध्ये मुख्य विभाग 12 जीबीच दाखवतोय, बाकीची गेली कुठे? दोन, देवघेव काउंटरवर आमचे सहायक बसतात, त्यांच्या पीसीवरून पण कोहा उघडायला हवं, 192.168.56.101 तिथून उघडेल का?
आणि आमच्या इथे एक सर म्हणतात कोहा मोठमोठ्या विद्यापीठांसाठी असतं, आपल्याला झेपणार नाही.

जुनाअ‍ॅडमिन
सरांना सांगा, कोहा न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या छोट्या भागातल्या सार्वजनिक लायब्ररींसाठी बनलं. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर सन 2000 च्या तारखा घेणार नव्हतं म्हणून 1999 मध्ये नवीन करून घेतलं आणि जानेवारी 2000 मध्ये चालू केलं. विद्यापीठं नंतर आली.

डिस्क गेलेली नाही. सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएममध्ये (डिस्कचे विभाग नंतर वाढवता येणारी पद्धत) या आकाराच्या डिस्कची साधारण अर्धी जागा मोकळी ठेवतो, पुढे लागेल तशी वाढवा म्हणून. 'सुडो व्हीजीएस' मारलंत की व्हीफ्री खाली दिसेल. सगळी द्यायची तर: सुडो एलव्हीएक्सटेंड -आर -एल +100%फ्री उबुंटू-व्हीजी/उबुंटू-एलव्ही. आर आणि एल दोन्ही छोटे, फ्री कॅपिटल. आर मुळे फाइलसिस्टिम पण सोबतच वाढते, रीस्टार्ट लागत नाही.

काळी_स्क्रीन
काउंटरवरून 56.101 उघडणार नाही, होस्ट-ओन्ली म्हणजे फक्त तो पीसी आणि त्यातल्या व्हीएम. डेमोपुरतं नॅटमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करा. अ‍ॅडॅप्टर 1 > अ‍ॅडव्हान्स्ड > पोर्ट फॉरवर्डिंग, दोन नियम: होस्ट पोर्ट 8080 ते गेस्ट 8080 (स्टाफसाठी), होस्ट 8081 ते गेस्ट 80 (ओपॅक, म्हणजे वाचकांनी पुस्तकं शोधायचं पान). होस्ट आयपीचा रकाना रिकामा सोडा, तिथे 127.0.0.1 लिहिलंत तर परत तुमच्याच पीसीपुरतं राहील. मग विंडोज फायरवॉलमध्ये हे दोन पोर्ट इनबाउंडला मोकळे करा, फायरवॉल अख्खी बंद करू नका प्लीज. काउंटरवरून तुमच्या पीसीचा आयपी आणि पुढे कोलन 8080.

ब्रिज्ड का चाललं नाही, तर बऱ्याच कॉलेजांत नोंदवलेल्या मॅक अ‍ॅड्रेसलाच (नेटवर्क कार्डाच्या नंबरला) आयपी देतात. व्हीएमचा मॅक वेगळा असतो, व्हर्च्युअलबॉक्सचा 080027 ने सुरू होतो. नेटवर्क बघणाऱ्यांना तो देऊन नोंदवून घ्या, मग ब्रिज्ड सगळ्यात सुटसुटीत. पण वायरवर, वायफायवर ब्रिज्ड कटकट करतं.

पुस्तककपाट
नेटवर्कवाले गुरुवारी येतात, तोवर पोर्ट फॉरवर्डिंगच ठेवते. कोहा-कॉमन आणि मारियाडीबी टाकलं, कोहा-क्रिएटने लायब्ररी नावाचा इन्स्टन्स केला, पण 8081 वर अपाचेचं पान येतं आणि 8080 वर काहीच नाही.

जुनाअ‍ॅडमिन
कोहा-साइट्स डॉट कॉन्फमध्ये इंट्रापोर्ट 8080 केला होतात ना इन्स्टन्स करायच्या आधी? तसं असेल तर राहिलंय ते एवढंच: अपाचेच्या पोर्ट्स डॉट कॉन्फमध्ये 'लिसन 8080' ही ओळ घाला, ए2डिससाइटने 000-डिफॉल्ट बंद करा, ए2एनमॉडने रीराइट आणि सीजीआय चालू करा, अपाचे रीस्टार्ट. मग 'सुडो कोहा-पासडब्ल्यूडी लायब्ररी', तो पासवर्ड सांगेल, युजरनेम कोहा_लायब्ररी.

आणि हे सगळं चाललं की एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा, मोडतोड केली तरी दोन मिनिटांत परत इथे याल. फक्त स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका, तो त्याच पीसीच्या त्याच डिस्कवर असतो. पुस्तकांच्या नोंदी करायला लागलात की 'कोहा-डम्प' ने निघणाऱ्या दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर.

पुस्तककपाट
केला होता इंट्रापोर्ट. लिसनची ओळ नव्हती, घातल्यावर उघडलं. काउंटरवरून पण उघडलं, सहायक म्हणाले "मॅडम हे तर वेबसाइटसारखंच आहे की". इन्स्टॉलरमध्ये पुस्तकांच्या नोंदींचा साचा मार्क21 का युनिमार्क विचारतंय?

जुनाअ‍ॅडमिन
मार्क21. आपल्याकडे दुसऱ्या लायब्रऱ्यांमधून नोंदी उचलायच्या तर त्याच मिळतात, आणि हे नंतर बदलता येत नाही.

काळी_स्क्रीन
मराठी पुस्तकं टाकताना शोध नीट येत नसेल तर वेगळा धागा काढा, झेब्राला (कोहाचं शोध इंजिन) आयसीयूवर (इतर लिपींसाठीची सोय) न्यावं लागेल, ते इथे नको.