मुलांना मारणे हा ‘अत्याचार’ कधीपासून ठरला?

प्रश्न (प्राथमिक शिक्षक, दारव्हा तालुका) :
गुरुजींच्या रुळाने वाकडे झालेले करंगळीचे पेर माझे सत्तरीतले वडील आजही पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. गेल्या पोळ्याला भावाने आपल्या मुलाला पऱ्हाटीने झोडपले, तेव्हा ओसरीवरच्या आम्हा चौघांपैकी कोणीच उठले नाही. पिढ्यान्‌पिढ्या ‘वळण लावणे’ म्हटल्या गेलेल्या या वागण्याला समाज अत्याचार कधीपासून आणि कशामुळे म्हणू लागला?

उत्तर १ (वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय) :
पॅरिसचे न्यायवैद्यक तज्ज्ञ तार्द्यू यांनी १८६० मध्येच घरच्यांच्या मारहाणीला बळी पडलेल्या ३२ मुलांची प्रकरणे प्रसिद्ध केली होती, पण आईबाप असे करू शकतात हे मानायला समव्यवसायी डॉक्टरच तयार नव्हते. १८७४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेरी एलन या मुलीला सांभाळणाऱ्या बाईच्या छळातून प्राणिरक्षण चळवळीचे हेन्री बर्ग यांच्या पुढाकाराने न्यायालयाने सोडवले आणि पुढच्या वर्षी तेथे बालकांसाठीची संस्था उभी राहिली. तिला ‘जनावर’ ठरवून सोडवल्याची गोष्ट मात्र रचलेली आहे. खरी कलाटणी क्ष-किरणांनी दिली : कवटीच्या आत रक्तस्राव झालेल्या बाळांच्या हातापायांची हाडेही मोडलेली असतात, हे अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञ कॅफी यांनी १९४६ मध्ये दाखवले आणि १९६२ मध्ये बालरोगतज्ज्ञ केम्प व सहकाऱ्यांनी मुलांना अशी मारहाण होण्याच्या या प्रकाराला वैद्यकीय नाव दिल्यावर पाचेक वर्षांत अमेरिकेच्या सर्व राज्यांत डॉक्टरांनी अशी प्रकरणे कळवण्याविषयीचे कायदे झाले. बोलता न येणाऱ्या मुलाच्या वतीने हाडेच साक्ष देऊ लागली.

उत्तर २ (वकील, यवतमाळ) :
आपल्याकडे वाद आधी विवाहाच्या वयावरून पेटला. बंगालमधील फुलमणी या अल्पवयीन मुलीचा पतीच्या शरीरसंबंधामुळे मृत्यू झाल्यानंतर १८९१ मध्ये मुलींचे शरीरसंबंधासाठीचे संमतिवय दहावरून बारा झाले. टिळकांचा विरोध होता तो परक्या सरकारने आपल्या घरात हात घालण्याला. ‘आमच्या घरातले आम्ही पाहू’ हे वाक्य तेव्हापासून फारसे बदललेले नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील मार २०१० पासून बंद केला आणि घरातील क्रौर्यासाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७५ आहे, जे पालकांनाही लागू होते. मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आला आणि माहिती असूनही न कळवणे हाच गुन्हा ठरला. तरी त्वचेला त्वचेचा स्पर्श नसल्यास तो पोक्सोखालील लैंगिक हल्ला नव्हे, असा निकाल जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने त्याच नोव्हेंबरात रद्द केला.

उत्तर ३ (अंगणवाडी सेविका) :
सर, कलमे ठीक आहेत, पण गावात प्रश्न असतो तो बघण्याचा. वेचणीच्या दिवसांत एक पोरगा पाठ चोरून बसला होता, आई म्हणाली, “पडला.” पडल्यावर कोपर-गुडघे सोलतात, पाठीवर एकाशेजारी एक असे वळ उमटत नाहीत. ग्राम बाल संरक्षण समितीत सरपंच, पोलीस पाटील आणि आम्ही असतो, पण पोलीस पाटील त्या घरचे भाऊबंद निघाले, म्हणून मी सरळ १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन केला. गावात मला चार महिने टोमणे ऐकावे लागले.

प्रश्नकर्ता :
ताई, तुमचे उत्तर वाचून काल वडिलांना विचारले, बोट मोडले त्या दिवशी आजी काय म्हणाली? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तिला सांगितलंच नाही. दाराच्या फटीत सापडलं म्हणालो.”