'सिव्हिल सोसायटी'ला मराठीत काय म्हणावं?
(सोलापूरकरांचा धागा; लिहिणाऱ्याच्या नावाऐवजी त्याच्या भागाचं नाव)

सात रस्ता
विडी कामगार बायकांसाठी एक पत्रक मराठीत आणतोय, तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय कराराबद्दलचं. त्यात मी लिहिलं होतं, 'जागतिक आरोग्य धोरणाच्या चर्चेत शास्त्रज्ञ आणि नागरी समाज यांना स्थान मिळावे.' नागरी समाज म्हणजे सिव्हिल सोसायटी, सरकारी नाहीत आणि धंद्यासाठीही नाहीत अशा लोकांच्या संघटना. परवा अशोक चौकाच्या पुढं एका घरी चौघींना वाचून दाखवलं. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं, हात काही थांबत नव्हते. 'नागरी समाज' आल्यावर एक अक्का म्हणाल्या, "म्हणजे शहरातले. खेड्यातल्यांना नाही होय?" मी गडबडून इंग्रजी शब्द सांगितला. त्यावर, "सिव्हिलच्या मागं नवी सोसायटी झाली काय? फ्लॅट कितीला?" आता सोलापुरात सिव्हिल म्हणजे दवाखाना, आणि सोसायटी म्हणजे फ्लॅट नाहीतर गावाकडचं पीककर्ज. त्यांची काय चूक? दुसरा शब्द सुचवा.

बाळीवेस
अक्कांचा कान बरोबर आहे. नागरी आरोग्य केंद्र, नागरी बँक, नागरी वस्ती. 'नागरी' ऐकलं की आधी नगर दिसतं. 'समान नागरी कायद्या'त तो नागरिकाचा होतो आणि 'नागरी विमान वाहतुकी'त नुसता 'लष्करी नव्हे' एवढाच उरतो. मुळात 'सिव्हिल'ला मराठीनं एक शब्द कधी दिलाच नाही. कोर्टात दिवाणी, कचेरीत मुलकी, अधिकारी सनदी, इंजिनिअर स्थापत्य आणि कायदेभंग सविनय. आपल्या गावानं तर यातले दोन एकाच महिन्यात पाहिले: मे १९३० मध्ये सविनय कायदेभंग चालू असतानाच मुलकी अंमल बाजूला सारून मार्शल लॉ लागला.

विजापूर रोड
'स्वयंसेवी संस्था' लिहा आणि मोकळे व्हा. किंवा 'राज्येतर घटक', म्हणजे सरकार सोडून बाकीचे. मोठमोठ्या कागदांत तेच असतं.

कन्ना चौक
राज्येतर म्हणजे कर्नाटकातल्या इंडी-आळंदचे लोक का हो? गंमत सोडा, पण त्या शब्दात मोठी खोट आहे. बाहेरच्यांशी संबंध कसे ठेवायचे याची चौकट जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली मंजूर केली. तिथं या नावाखाली चार जण येतात: बिगरसरकारी संघटना, खासगी उद्योग, देणगीदार प्रतिष्ठानं आणि शैक्षणिक संस्था. म्हणजे औषध कंपनी आणि रुग्णांची संघटना एकाच पोत्यात.

'स्वयंसेवी'ही नको. मी वीस वर्षं युनियनची वर्गणी गोळा केलीय. पावती घेणारी बाई स्वतःचं भांडण भांडत असते, ती कुणाची सेवा करत नाही.

आणि तुमच्या त्या करारातच नीट बघा. २००५ पासून तो लागू आहे. कलम ४.७ म्हणतं, नागरी समाजाचा सहभाग अत्यावश्यक. प्रस्तावनेत मात्र अट: तंबाखू उद्योगाशी संबंध नसलेला. कलम ५.३ म्हणतं, उद्योगाचे हितसंबंध धोरणापासून दूर ठेवा. ते योग्यच. पण विडी वळणारी कुठं बसते? पोट त्याच उद्योगावर, आणि तंबाखूची धूळही तिच्याच नाकात. कलम १७ तिला परवडणारा पर्यायी रोजगार मिळावा म्हणतं, म्हणजे कारखानदारापासून तिला वेगळं धरलंय. तुमच्या शब्दानंही धरायला हवं. 'स्टेकहोल्डर'सारखं 'हितसंबंधी' लिहिलंत तर ज्याला आत घ्यायचं त्याला आणि ज्याला दाराबाहेर ठेवायचं त्याला एकच नाव पडेल. 'भागधारक' तर साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत शोभतो. माझं मत 'लोकसंघटना'.

बाळीवेस
विषयांतर होतंय, पण जागतिक आरोग्य म्हटलं की मला आधी आपले डॉ. कोटणीस आठवतात. १९३८ साली चीनला गेले ते कोणत्या घटकात मोडतात?

जुळे सोलापूर
कोटणीस राहू द्या, धागा भरकटेल.

'लोकसंघटना' चांगला, फक्त छोट्या संस्था बाहेर राहू नयेत म्हणून 'लोकांच्या संस्था-संघटना' म्हणा. 'शास्त्रज्ञ' तसाच ठेवा. 'तज्ज्ञ' करायचा मोह होईल, पण तज्ज्ञ समितीवर नेमले जातात, आणि नेमणारा कोण ते आपल्याला माहीत आहे.

माझा खरा आक्षेप 'स्थान मिळावे'ला. कसलं स्थान? आरोग्य संघटनेच्या घटनेत, कलम ७१ मध्ये, बिगरसरकारी संघटनांशी 'सल्लामसलत' करता येईल असं आहे. १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात आरोग्यसेवेचं नियोजन आणि अंमलबजावणी या दोन्हींत 'सहभाग' हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य म्हटलंय. सल्ला ऐकून घेऊन बाजूला ठेवता येतो. सहभागात तशी सोय नाही, निदान शब्दात तरी नाही. आणि हे काही परक्या देशातलं नाही. करमाळ्याच्या पलीकडं जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० पासून गावच्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. कित्येकींना अक्षरओळख नव्हती. 'लोकाधारित देखरेख', 'जनसुनवाई' हे शब्द महाराष्ट्रात आरोग्याच्या कामातून रुळलेत. तसले घ्या, कोशातले नकोत.

सात रस्ता
सगळ्यांचे आभार. वाक्य असं केलं: 'तंबाखूबद्दल जगाचं धोरण ठरवताना शास्त्रज्ञांना आणि लोकांच्या संस्था-संघटनांना नुसतं विचारू नये, बैठकीत बसवावं.' काल परत गेलो. या वेळी कुणी 'म्हणजे काय' विचारलं नाही. अक्कांनी एवढंच विचारलं, बैठक कुठं असते. म्हटलं, साधारण दर दोन वर्षांनी, वेगवेगळ्या देशांत, २०१६ ला आपल्याकडं ग्रेटर नोएडाला झाली होती.

"जाऊन यायला चार दिवस," त्या म्हणाल्या. "तेवढ्या दिवसांच्या विड्या कोण वळणार?"