हनुवटीला टाके पडले, तरी जबडा दाखवाच

देशपांडे काका (सेक्रेटरी): ए विंगचा ओंकार काल रात्री गेटसमोरच्या गतिरोधकावर स्कूटरवरून पडला. हनुवटीला टाके पडलेत, बाकी ठीक आहे. गतिरोधकावर पांढरे पट्टे मारून घेतो.

डॉ. मानसी (बी विंग): वहिनी, त्याचे दात आधीसारखे जुळतायत का?

ओंकारची आई: नाही गं, उजवीकडचे दात टेकतच नाहीत म्हणतो. दुखतंय मात्र डाव्या कानापुढे. तोंड उघडलं की हनुवटी डावीकडे सरकते. सूज असेल ना?

डॉ. मानसी: सुजेवर सोडू नका, आजच ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढा. हनुवटीवरचा मार जबड्यातून थेट कानापुढच्या सांध्यापर्यंत पोचतो आणि तिथला जबड्याच्या हाडाचा बारीक भाग (त्याला मान म्हणतात) मोडू शकतो. वरून फक्त हनुवटीची जखम दिसते, म्हणून हे राहून जातं. लहान मुलांत तर जबड्याची वाढ खुंटू शकते, सांधा कायमचा आखडू शकतो.

सुलभाकाकू (सी विंग): हळद लावून शेक दिला तर?

डॉ. मानसी: शेक नको काकू. पहिले दोन दिवस कपड्यात गुंडाळून बर्फ.

नाना (डी विंग): हेल्मेट नव्हतं का?

ओंकारची आई: होतं, पण अर्धं.

डॉ. मानसी: अर्ध्या हेल्मेटने डोकं वाचतं, जबडा उघडाच राहतो. आमच्याकडे चेहऱ्याची हाडं मोडून येणाऱ्यांत दुचाकीवरची तरुण मुलंच जास्त. मारामारीत ठोसा बहुधा डाव्या जबड्याच्या कोपऱ्यावर बसतो, कारण मारणारा उजव्या हाताचा. अक्कलदाढ आत अडकलेली असली तर तो कोपरा आणखी कमजोर.

नाना: आणि आम्ही म्हातारे?

डॉ. मानसी: तुमचं बाथरूम, नाना. घसरून पडल्यावर गाल आणि वरचा ओठ बधिर झाला किंवा एकाचे दोन दिसायला लागले, तर गालाचं किंवा डोळ्याखालचं हाड मोडलेलं असू शकतं. तेव्हा नाक शिंकरू नका, लगेच दाखवा. नाकातून पाण्यासारखं काही गळलं तर थेट इमर्जन्सीत.

ओंकारची आई: ओपीजी झाला. डाव्या सांध्याखालीच मोडलंय. ऑपरेशन नाही, दातांना तारा लावून रबर बांधणार आहेत.

डॉ. मानसी: छान. रबर निघालं की तोंड उघडण्याचे व्यायाम रोज करायला लावा, दुखलं तरी.

सुलभाकाकू: मुगाचं कढण मी देते गं, गाळून. संध्याकाळी पाठवू का?

नाना: काका, पट्ट्यांबरोबर गेटवरचा दिवाही बघा. महिनाभर बंद आहे.