कॅम्पर तीन महिने उभी राहणार, फ्रिजचं काय करू?

विषय: कॅम्परचा बॅटरीवरचा फ्रिज

नमस्कार मंडळी,

आमची कॅम्पर (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) आता तीन महिने हलणार नाही. मागच्या वेळी दोन महिन्यांनी दार उघडलं तर आतली बॅटरी पूर्ण उतरलेली आणि फ्रिजच्या रबरावर काळी बुरशी. मला अजून उलगडा होत नाही, कारण निघताना फ्रिज मी स्वतः पॅनेलवरून बंद केला होता. चार्ज करून पाहिली, पण बॅटरी पूर्वीसारखी टिकेना आणि शेवटी बदलावी लागली. नवीनही एजीएमच आहे, १०० अँपिअर-तासांची. फ्रिज १२ व्होल्टचा, कॉम्प्रेसरचा.

या वेळी तो रिकामा करून अगदी कमी थंडाव्यावर चालू ठेवावा असं घरात चाललंय, म्हणजे बुरशी तरी धरणार नाही. जागेवर विजेची जोडणी मिळू शकते. कुणी असं केलंय का?

---

विषय: उत्तर: कॅम्परचा बॅटरीवरचा फ्रिज

ताई,

चालू ठेवू नका. वीज मिळत असली तरी नको.

आधी हिशेब सांगतो. तुमच्यासारख्या फ्रिजचा कॉम्प्रेसर फिरत असताना साधारण ४ अँपिअर घेतो. तो सतत फिरत नाही. दिवसातला एक तृतीयांश वेळ धरला तर ८ तास, म्हणजे रोजचे ३२ अँपिअर-तास. लेड-अ‍ॅसिड जातीच्या बॅटरीतून (एजीएम त्यातलीच) निम्म्यापेक्षा जास्त काढू नये. म्हणजे तुमच्या हातात ५० आहेत, दीड दिवसाची बेगमी. रिकामा फ्रिज कमी थंडाव्यावर याहून कमी खाईल हे खरं, पण निम्मं खाल्लं तरी तीनच दिवस होतात.

> जागेवर विजेची जोडणी मिळू शकते.

इथे मी स्वतः फसलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमची गाडी अशीच विजेला जोडून, फ्रिज चालू ठेवून उभी केली होती. कधीतरी त्या जागेचा ब्रेकर पडला. आम्ही तिथे नव्हतो आणि कुणाला कळायचं कारणही नव्हतं, कारण फ्रिज थांबला नाही, तो निमूटपणे बॅटरीवर गेला. फ्रिजमध्ये बॅटरी वाचवण्याची कापणी (व्होल्ट ठरावीक आकड्याखाली गेले की फ्रिज आपोआप बंद होण्याची सोय) असते खरी, पण आमच्या फ्रिजमध्ये ती १०.४ व्होल्टला होती. बऱ्याच कॉम्प्रेसरवर कारखान्यातून तीच येते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.२ ला निम्मी झालेली असते. १०.४ येईपर्यंत तिच्यात काही उरलेलं नसतं. त्या अवस्थेत ती काही आठवडे पडून राहिली. प्लेटांवर सल्फेटचे खडे धरले की ते चार्जरने परत विरघळत नाहीत. थंडी कडक असेल तर आणखी वाईट: भरलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड सहसा गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत जवळपास पाणीच उरतं, ते शून्याखाली काही अंशांतच गोठतं आणि डबा फुटू शकतो. तुमच्या फ्रिजवर ही कापणी कमी-मध्यम-जास्त अशी निवडता येत असेल तर प्रवासातसुद्धा ती वरच्या टप्प्यावर ठेवा.

बुरशीला थंडावा हा उपाय नाही, कोरडेपणा आहे. बर्फ पूर्ण वितळू द्या, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून आतून पुसा, रबराच्या घड्या बोट घालून पुसा (तुमची बुरशी तिथूनच सुरू झाली असणार), पाणी वाहून जायचं भोक आणि खालची ताटली विसरू नका. मग एक पूर्ण दिवस दार सताड उघडं. त्यानंतर दार किंचित उघडं राहील असं अडकवून ठेवा. पुष्कळ फ्रिजच्या कडीलाच त्यासाठी दुसरी खाच असते.

आता राहिला तुमचा खरा प्रश्न, बंद केलेला फ्रिज बॅटरी कशी खातो. पॅनेलचं बटण फक्त कॉम्प्रेसर थांबवतं. आतलं कार्ड जागंच असतं आणि काही मिलिअँपिअर घेत राहतं. पण दोन महिन्यांत बॅटरी संपवणारं तेवढंच नसावं. गॅसचा अलार्म, रेडिओची मेमरी, पंपाच्या स्विचवरचा दिवा, असं काहीतरी सोबत असेल. मोजून बघा. साध्या क्लँप मीटरवर बॅटरीचा डीसी प्रवाह दिसत नाही, डीसीवाला लागतो. नाहीतर सगळं बंद करून निगेटिव्ह वायर काढा आणि मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाच्यात लावून मध्ये जोडा. मीटर मध्ये असताना फ्रिज चालू करू नका, सुरू होतानाच्या झटक्याने मीटरचा फ्यूज जाईल.

---

विषय: उत्तर: उत्तर: कॅम्परचा बॅटरीवरचा फ्रिज

काका, मनापासून आभार. काल मोजलं.

सगळं बंद असताना ०.११ अँपिअर. मला आधी हे नगण्य वाटलं. मग तुमच्या पद्धतीने मांडलं: २४ तासांचे २.६४, म्हणजे १९ दिवसांत बॅटरी निम्मी आणि ३८ दिवसांत रिकामी. दोन महिन्यांत काय झालं असेल ते आता दिसतंय.

एकेक फ्यूज काढत गेले. फ्रिजचा काढला तर आकडा थोडासाच खाली आला. गॅस अलार्मचा काढला आणि तो ०.०२ वर आला. आणि सगळ्यात मोठा धक्का म्हणजे, दाराजवळ जो लाल मुख्य स्विच आहे तो बंद केला तरी अलार्म चालूच! त्याची वायर थेट बॅटरीला लावलेली आहे. मी इतकी वर्षं तो स्विच बंद करून निश्चिंत घरी जात होते.

आता निगेटिव्ह वायरच काढून ठेवायचं ठरवतेय. छतावर सोलर पॅनेल आहे, त्याने काही अडचण?

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: कॅम्परचा बॅटरीवरचा फ्रिज

ताई, अलार्म सुरक्षेसाठी थेट जोडतात, ते बरोबरच आहे. म्हणून वायर काढायच्या आधी सिलिंडर बंद केला आहे ना, ते बघा. परत जोडाल त्या दिवशी अलार्मचं चाचणीचं बटण दाबून पाहा.

सोलरचा क्रम पाळा. काढताना आधी पॅनेल कंट्रोलरपासून (पॅनेल आणि बॅटरीच्या मधला, चार्जिंग सांभाळणारा डबा) तोडा, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. बॅटरीशिवाय पॅनेल लागलेलं बऱ्याच कंट्रोलरना मानवत नाही. गाडी छपराखाली असेल तर पॅनेलचा तसाही उपयोग नाही.

वायर काढण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. मग महिन्या-दीड महिन्याने मीटर लावून पाहा, १२.४ च्या खाली गेली तर चार्जिंगला लावा. सुटी केलेली एजीएम महिन्याला थोडीच उतरते.

---

विषय: उत्तर: कॅम्परचा बॅटरीवरचा फ्रिज

मध्येच लिहितोय, कारण यादीवर लिथियमवालेही आहेत. काकांचे आकडे त्यांनी उचलू नयेत. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी पूर्ण भरून महिनोन् महिने ठेवायची नसते, निम्म्याच्या आसपास ठेवून सुटी करायची. शून्य अंशाखाली तिला चार्ज करू नका. व्होल्टवरून ती किती भरली आहे तेही नीट कळत नाही, जवळजवळ सगळा वेळ ती १३.२ च्या आसपासच दाखवते, शंट (बॅटरीत येणारा-जाणारा प्रवाह मोजत राहणारा मापक) लागतो.

आणि आमच्यासारखा गॅस, मेन्स (बाहेरच्या जोडणीची वीज) आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज असेल तर तो उभ्या गाडीत १२ व्होल्टवर चुकूनही सोडू नका. त्यात कॉम्प्रेसर नसतो, हीटर असतो. तो १० ते १५ अँपिअर सलग ओढतो. आमची बॅटरी एका दुपारी उतरली होती.

---

विषय: उत्तर: कॅम्परचा बॅटरीवरचा फ्रिज

मंडळी, सहा आठवडे झाले म्हणून कळवते. वायर काढली त्या दिवशी १२.८ होते, काल जाऊन मोजले तर १२.७. फ्रिजचं दार खाचेत अडकवलेलं तसंच होतं. आत डोकं घालून वास घेतला. काहीही नाही, रबर कोरडं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मेन्सवर थंड करायला लावीन आणि मगच सामान भरीन. स्टिअरिंगवर चिठ्ठी बांधून आले आहे: "अलार्म तपासणे."